धागा: "मॉडेल बंद होणार" म्हणजे नेमकं काय? आपल्या जुन्या बसगाड्यांचं पुढं काय?

साखळीचा_पोरगो

नमस्कार मंडळी. गेले पंधरा दिवस एकच गोष्ट कानावर पडतेय म्हणून शेवटी धागा काढला. शनिवारी डिचोलीला एका गॅरेजात स्कूटर घेऊन गेलो होतो. तिथं एका मिनीबसचा गिअरबॉक्स खाली उतरवून गोणपाटावर ठेवलेला, बाजूला चार जण उभे राहून चहा पीत बोलत होते. एक म्हणतो टाटा बसचा धंदा सोडतेय, दुसरा म्हणतो लेलँड त्यांची वायकिंग बस बंद करतेय, तिसऱ्यानं सांगितलं स्वराज माझदा कंपनीच विकली गेली, आता पार्ट यायचे नाहीत, असलेली गाडी सहा महिने चालवा नी भंगारात घाला. आणि जाता जाता एकजण सत्तरीतल्या भुईंपालच्या बस बॉडी बांधायच्या कारखान्याला पण कुलूप लावून गेला, तोंडानंच.

मला यातलं तांत्रिक फार कळत नाही पण विषय मनाला लागलाय, कारण माझे बाबा कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बस महामंडळात, कंडक्टर होते. महामंडळ १९८० चं, बाबा त्यानंतर काही वर्षांनी लागले. त्यांची पत्र्याची तिकीटपेटी अजून आमच्या माळ्यावर आहे, कोपरे गंजलेत पण आतले तिकिटांच्या गठ्ठ्यांचे कप्पे तसेच आहेत. घरी बसचा विषय निघाला की आजही ते जेवण थांबवून बोलतात. आणि मी स्वतः रोज बसनं पणजीला जातो. ज्या गाडीनं जातो ती कुणाची ते इथं सांगत नाही, पण तिच्या मागच्या चाकावरचा पत्रा असा झालाय की पावसात खालून पाणी उडतं, रोजचे लोक त्या सीटवर बसतच नाहीत, नवा माणूस आला की बायका त्याला आधीच सांगतात "थंय बसूं नाका".

तर ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा, यातलं खरं किती. आणि खरं असलं तर साखळी, वाळपय, काणकोण, पेडण्याच्या आतल्या गावांना जाणाऱ्या गाड्यांच्या जागी येणार काय?

---

पाटा_आणि_बोल्ट

पोरा, चांगला विषय काढलास. मी बत्तीस वर्षं हातात पाना धरलाय, त्यातली बरीच बसखालीच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

"मॉडेल बंद" हे तीन वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतात आणि गॅरेजात तिन्हींची खिचडी होते. कंपनी ते मॉडेल बनवणं थांबवते ही एक गोष्ट. कायद्यानं ते नवीन रजिस्टर होत नाही ही वेगळी. आणि तुझ्या हातातल्या गाडीचं वय संपतं ही तर एकदमच वेगळी. १ एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ हा धुराचा नियम आला, १ एप्रिल २०२० ला त्याहून कडक बीएस-६ आला, प्रत्येक वेळी जुन्या इंजिनाची नवी गाडी मिळणं थांबलं आणि प्रत्येक वेळी लोक हेच म्हणाले की आता पार्ट संपले. संपले का? टाटाचं ४९७ इंजिन घ्या, ते ४०७ मध्ये आहे, ७०९ मध्ये आहे, टेम्पोत आहे, मिनीबसमध्ये आहे. जोवर रस्त्यावर त्या इंजिनाचे टेम्पो फिरतायत तोवर लायनर, पिस्टन, क्लच प्लेट, वॉटर पंप कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळणार. बसचं नशीब ट्रकच्या हातात असतं हे लक्षात ठेवा. ज्या बसखाली ट्रकचाच सांगाडा आहे तिला पार्टची ददात नाही.

मग मिळत नाही काय? बॉडीचं सामान. समोरची काचच बघा. जुन्या गाड्यांना मधे पट्टी असलेल्या दोन सपाट काचा असायच्या, दगड लागून फुटली तर म्हापशाच्या कुठल्याही काचवाल्याकडून तशी कापून आणायची, रबर लावायचं, संध्याकाळी गाडी रूटवर. आता एकसंध वाकवलेली काच येते. ती फुटली की कंपनीकडून मागवायची, ती येईपर्यंत गाडी उभी. मॉडेल जुनं झालं की पहिल्यांदा ही काच, मग हेडलाईटचा संच, मग डॅशबोर्डची बटनं गायब होतात. इंजिन धडधाकट नी गाडी काचेसाठी उभी, हे मी डोळ्यानं बघितलंय.

आणि आपल्याकडे गाडी मॉडेलनं मरत नाही, खाऱ्या वाऱ्यानं मरते. समुद्राची हवा, त्यात चार महिने पाऊस. मी खाली शिरलो की आधी हातोडीनं क्रॉस मेंबर, म्हणजे सांगाड्याची आडवी पट्टी, वाजवायचो. ठण्ण वाजला तर गाडी जगेल. थप्प वाजला तर आतून पापुद्रे सुटलेत, वरून कितीही रंग मारा.

---

बांद्याचा_लालपरीवाला

वायकिंगचं मी सांगतो कारण ती अफवा आमच्याकडे सावंतवाडी स्टँडवर पण पोचलीय. महाराष्ट्र एसटीनं २०२४ मध्ये अशोक लेलँडला २१०४ वायकिंगची ऑर्डर दिलीय, तब्बल ९८१ कोटींची, आणि तीही पूर्ण बांधून तयार गाड्यांची. एवढी मोठी ऑर्डर हातात घेऊन कोण मॉडेल बंद करेल?

पण त्या बातमीत एक खरी गोष्ट लपलीय आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. बंद होत चाललीय ती नुसता चेसिस, म्हणजे इंजिन-चाकांसकट सांगाडा, घेऊन आपली बॉडी आपण बांधायची पद्धत. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या कार्यशाळांत आख्ख्या लालपऱ्या उभ्या राहिल्यात. चेसिस यायचा तो ड्रायव्हरला उघड्या सांगाड्यावर बसवून, तोंडाला रुमाल बांधून, शेकडो किलोमीटर चालवत. आता तयार बस येते. बस बॉडीचा एआयएस-०५२ हा नियम आल्यापासून सीटमधलं अंतर, आपत्कालीन दार, पाईपची मजबुती सगळं मान्यता घेऊन करावं लागतं, त्यामुळे लहान बॉडीवाले एकेक करून गळाले. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे, मी विरोधात नाही, पण आपल्या हातानं बांधलेली बॉडी आपल्याला दुरुस्तही करता यायची, ते कसब त्या माणसांबरोबर चाललंय याचं खूप वाईट वाटतं.

---

साखळीचा_पोरगो

@पाटा_आणि_बोल्ट काका, देव बरें करूं. हातोडीची गोष्ट बाबांना वाचून दाखवली, म्हणाले अगदी खरं, आमच्या वेळचे मिस्त्री पण तसंच करायचे.

मग कंपन्या विकल्या गेल्या म्हणतात ते?

---

भुईंपाल_शेजारी

हे मी लिहितो. आमचं छोटं वर्कशॉप आहे, पत्र्याची कामं करतो, आणि सत्तरीत राहतो त्यामुळे घरटी एक तरी माणूस त्या लाईनीत आहे.

टाटा बस सोडतेय ही बातमी कुठून निघाली ते बघा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून टाटा मोटर्सचे दोन भाग झाले, ट्रक-बस एका कंपनीत आणि कार दुसऱ्या कंपनीत. टाटा मोटर्स हे नाव ट्रक-बसवाल्या भागाला मिळालं, कारच्या कंपनीचं नाव बदललं. म्हणजे बस विकली तर नाहीच, उलट मूळ नाव बसकडे आलं! पण "टाटा फुटली" एवढंच ऐकून माणूस पुढं सांगतो. त्याआधी पण असंच झालेलं. धारवाडला टाटा मार्कोपोलोचा कारखाना, त्यातून २०२० च्या डिसेंबरात ब्राझिलच्या मार्कोपोलोनं अंग काढून घ्यायचं जाहीर केलं, ४९ टक्के हिस्सा टाटालाच विकला. तेव्हा इकडे सगळीकडे झालं की मार्कोपोलो बंद, गाड्या बंद. कारखाना चालूच राहिला, पाटी बदलली.

स्वराज माझदाचं तर पाट्यांचंच गाव आहे. मूळ १९८३ ची स्वराज माझदा, २०११ मध्ये एसएमएल इसुझू झाली, २०२५ मध्ये महिंद्रानं जवळपास ५९ टक्के हिस्सा घेतला आणि आता एसएमएल महिंद्रा. आपले लोक मात्र तिला आजही माझदाच म्हणतात. आता महिंद्राकडे स्वतःच्या पण बस आहेत तेव्हा पुढंमागं एकसारखी दोन मॉडेलं असतील तर त्यातलं एक ते गुंडाळतील असं मला वाटतं, हा माझा अंदाज. पण त्यांनी कंपनी घेतली ती धंदा वाढवायला.

आता आमच्या दाराशी. ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा ही १९८० सालची, टाटा आणि आपलं ईडीसी, म्हणजे गोवा सरकारचं आर्थिक विकास महामंडळ, यांनी मिळून काढलेली, म्हणजे कदंब आणि ती एकाच वयाची. होंड्याला पत्र्याचं दाबकाम, भुईंपालला बस बॉडी. या धंद्याला मोसम असतो हे बाहेरच्यांना माहीत नसतं. शाळांचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आधी गाड्या लागतात, त्यामुळे स्कूल बसचं काम साधारण जानेवारीपासून मे पर्यंत अंगावर येतं, रात्रपाळ्या, रस्त्याला पिवळ्या गाड्यांची रांग. पाऊस लागला की यार्ड रिकामं. कुठल्याही बॉडीवाल्याचं असंच. त्या रिकाम्या यार्डवरून एखादा बाहेरचा माणूस मोटरसायकलनं जातो आणि संध्याकाळी साखळीच्या बाजारात सांगतो की कारखाना बंद पडला. हे ऐकून ज्या घरात चूल त्या पगारावर पेटते तिथं रात्री झोप लागत नाही. म्हणून हात जोडून विनंती, खात्री नसेल तर असं बोलू नका.

---

म्हापशाचो_बसवालो

भाऊ मी मालक आहे एका गाडीचा, दोन नाही तीन नाही एकच, आणि चालवतो पण मीच. म्हापसा ते गाव, दिवसाला आठ फेऱ्या. माझदा आहे. तुमच्या सगळ्यांचं वाचलं नी आता मला एक गोष्ट लख्ख दिसली ती लिहितो.

ही बातमी माझ्याकडे पहिल्यांदा आली ती एका जुन्या गाड्या घेणाऱ्या दलालाकडून. स्टँडवर आला, गाडीभोवती फिरला, टायर बघितले, म्हणाला "पात्रांव, मॉडेल बंद जातां, आतांच काड, मागीर किलोच्या भावान वतली", म्हणजे आत्ताच विक, नंतर भंगाराच्या भावानं जाईल. आणि जो भाव सांगितला तो ऐकून मी दोन रात्री जेवलो नाही. त्याच आठवड्यात एका पार्टच्या दुकानात क्लच प्लेट घ्यायला गेलो तर तिथं पण तेच, माल कमी येतोय, आता घेऊन ठेवा, आणि भाव चढवलेला. माझ्या ओळखीच्या दोघांनी घाबरून पार्ट साठवले, एकानं गाडी फुंकली, म्हणजे पडेल भावात विकून टाकली. त्याची गाडी मी चांगली ओळखायचो, सहज चार वर्षं चालली असती. त्याच्या गावाला आता सकाळची साडेसहाची गाडी नाही.

म्हणून सांगतो, बातमी आली की आधी बघा सांगणारा काय विकतोय किंवा काय विकत घेतोय.

खरी अडचण माझी वेगळीच आहे. नवीन घ्यायची तर बीएस-६, तिला धूर साफ करायला युरियाचं पाणी घाला, सेन्सर बिघडला की गाडी ताकद कमी करते, मिस्त्री म्हणतो लॅपटॉप लागेल, शोरूमला न्या. जुन्या गाडीचा डिझेल पंप आमच्या आळीतला मिस्त्री कानानं ऐकून सेट करायचा. धूर कमी होतो हे खरं, माझी पण पोरं त्याच हवेत वाढतायत. पण एका गाडीवर घर चालवणाऱ्या माणसानं तो दिवस उभा कसा काढायचा? आणि हप्ता? प्रत्येक घरी दोन दोन स्कूटर आल्यापासून दुपारच्या फेऱ्यांना सात-आठ माणसं असतात. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या पासिंगची फी पण २०२२ पासून चांगलीच वाढवलीय. आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग, ते मी मनापासून करतो, ब्रेक आणि स्टिअरिंगला मी कधी पैसे बघत नाही. सीटवर बसतात ते माझेच शेजारी आहेत.

---

चार्जिंग_मडगाव

सगळे जुन्याबद्दलच बोलताय म्हणून थोडं दुसऱ्या बाजूनं. १५ वर्षांचा नियम सरकारी गाड्यांना १ एप्रिल २०२३ पासून लागलाय, परिवहन महामंडळांसकट, रजिस्ट्रेशन पुढं वाढतच नाही. हे अफवेचं काम नाही, छापील आहे. आणि देशभरात २००९ च्या सुमारास जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेतून एकदम हजारो बस घेतल्या गेल्या होत्या, त्या सगळ्यांची पंधरा वर्षं एकदमच भरली. म्हणून सगळीकडे एकाच वेळी गाड्या कमी झाल्यासारख्या वाटतात.

त्या जागा इलेक्ट्रिकनं भरायच्या असं धोरण दिसतंय. कदंबात २०२१ मध्ये ऑलेक्ट्रा कंपनीच्या बारा मीटरच्या इलेक्ट्रिक बस आल्या, मी मडगाव-पणजी त्यानं जातो आणि मनापासून सांगतो, नव्या जुवारी पुलाच्या चढावर ती गाडी जशी आवाज न करता जाते, शेजारच्याशी हळू आवाजात बोलता येतं, आईला घेऊन जातो तेव्हा तिचे गुडघे दुखत नाहीत. केंद्रानं २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवेत १०,००० बस जाहीर केल्या, २०२४ मध्ये पीएम ई-ड्राईव्हमध्ये आणखी १४,०२८. यातल्या बहुतेक ठिकाणी बस ठेकेदार कंपनीची असते आणि महामंडळ किलोमीटरमागे पैसे देतं. म्हणजे मॉडेल जुनं झालं तर डोकेदुखी कंपनीची. हा मला फायदा वाटतो.

---

पाटा_आणि_बोल्ट

@चार्जिंग_मडगाव बाब, गाडी चांगली आहे, मी पण बसलोय. पण किलोमीटरमागे पैसे म्हणजे कंपनीला जास्त किलोमीटर होणारा सरळ रस्ता हवा. मडगाव-पणजी तिच्यासाठीच आहे. सत्तरीतल्या आतल्या रस्त्याला बारा मीटरची गाडी वळणावर मागं घ्यावी लागेल, आणि रात्री जिथं वस्तीला गाडी राहते त्या गावात चार्जर कोण लावणार? तिथं सात-नऊ मीटरचीच गाडी हवी. लहान इलेक्ट्रिक बनतात, नाहीत असं नाही, पण मागणी करताना कुणी लहान मागितली तर येईल ना.

आणि गाडी कंपनीची असली की आमच्या मिस्त्र्यांना बॉनेट उघडायला पण मिळत नाही. वीस वर्षांनी या गोव्यात बस उघडून बसवणारा माणूस राहील का, मला ही काळजी आहे.

---

वाळपयची_नर्सबाय

मी इथं फक्त वाचते, आज लिहिते. माझी पणजीत शिफ्ट असते. दुपारपाळी सुटली की मला एकच गाडी मिळते, ती चुकली की घरून दादाला बोलवावं लागतं, तो येईपर्यंत स्टँडवर बसायचं.

तुम्ही सगळे मॉडेलचं बोलताय. मला आजवर गाडीचं मॉडेल माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत आहे की गेल्या पावसात आमची रात्रीची गाडी एकदा बिघडली, बदली गाडी नव्हती, आठ दिवस ट्रिप बंद. आठ दिवसांत लोकांनी दुसरी सोय बघितली, कुणी स्कूटर घेतली, कुणी पणजीत खोली. मग ट्रिप सुरू झाली तर माणसं निम्मी. आता म्हणतात माणसं नाहीत म्हणून ट्रिपच काढून टाकूया. माणसं होती हो. आम्ही अकराजणी तर रोजच्या होतो, ड्रायव्हर काका एक कमी दिसली तर इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं थांबायचे.

@म्हापशाचो_बसवालो भाऊ, तुम्ही गाडी फुंकू नका.

---

म्हापशाचो_बसवालो

बाय, फुंकत नाही. तुमचं वाचून बायकोला पण दाखवलं. दलालाला काल फोन करून सांगितलं, परत येऊ नको म्हणून.

---

बांद्याचा_लालपरीवाला

ताई बरोबर बोलल्या. आमच्याकडे याला "स्पेअर गाडी" म्हणतात, डेपोत दहा रूटमागे एखादी तरी जास्तीची उभी पाहिजे. गाड्यांचं वय वाढलं आणि नव्या आल्या नाहीत की पहिली ती स्पेअर संपते, तीच रूटवर काढतात. वरून सगळं ठीक दिसतं, ट्रिप सगळ्या चालू. पण त्यानंतर एक जरी गाडी बिघडली तर थेट ट्रिप जाते, आणि ती कमी माणसांचीच जाते, म्हणजे रात्रीची, आतल्या गावची. कंपनी बंद पडो न पडो, तुमच्या डेपोत स्पेअर किती हे विचारा, त्यावरून पुढचं वर्ष कळतं.

---

भुईंपाल_शेजारी

म्हजी बस योजनेत खासगी गाड्या कदंबच्या छत्राखाली चालतात, पैसे किलोमीटरमागे. एकच गाडी असलेल्या मालकाला त्यात दुपारच्या रिकाम्या फेरीचा धाक राहत नाही. म्हापशेकर भाऊ तुम्ही चौकशी केली होती का?

---

म्हापशाचो_बसवालो

केली होती पण अर्धवट सोडली. आता कागद घेऊन परत जातो, काय होतं ते इथंच कळवतो.

---

साखळीचा_पोरगो

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल बाबांना घेऊन पुन्हा त्या गॅरेजात गेलो. गिअरबॉक्स चढवून झाला होता, मिस्त्री खाली झोपून बोल्ट आवळत होता. बाकावर नव्या बेअरिंगचं रिकामं खोकं पडलेलं, त्यावर ट्रकच्या मॉडेलचं नाव छापलेलं, काकांनी सांगितलं तसंच. बाबांनी मिस्त्रीला विचारलं पार्ट यायला किती दिवस लागले, तो म्हणाला फोंड्याहून दुसऱ्या दिवशी आला. त्यांनी ते खोकं हातात घेऊन दोनदा वाचलं.

दुसरं, नर्सताईंचं वाचून मी एक काम सुरू केलंय. साखळी, वाळपय, होंडा भागात गेल्या दोन वर्षांत कुठल्या वेळेची गाडी बंद झाली, तेव्हा रोजची माणसं किती होती आणि आता ती कशानं जातात, एवढं वहीत लिहून घेतोय. बाबा पण त्यांच्या जुन्या सोबत्यांना फोन लावतायत, त्यांना वेळापत्रक तोंडपाठ आहे. तुमच्या गावची वेळ माहीत असेल तर इथं टाका, फक्त वेळ, गाव आणि माणसं. शंभरेक नोंदी झाल्या की पंचायतींचं पत्र जोडून वाहतूक खात्यात आणि पर्वरीला कदंबच्या मुख्य कार्यालयात देतो, पोच घेऊन इथं फोटो लावतो.

---

वाळपयची_नर्सबाय

रात्री ९:१० पणजी-वाळपय. रोजच्या अकरा. आता सहा.

---

पाटा_आणि_बोल्ट

नोंद चांगली. त्यात गाडी बंद होण्याचं कारण पण लिही, बिघाड, ड्रायव्हर नाही, की वय भरलं. आणि त्या मिस्त्रीला विचार, बेअरिंग बदलताना ऑइल सील पण बदललं का. नसेल तर पावसाआधी पुन्हा उतरवावा लागेल.